पालक व्हा, अध्यक्ष व्हा

आमच्या गावच्या वेशीवर महिनाभर एक बॅनर झुलत होता. गॉगल लावलेले भाऊ, त्यांच्या मागे उगवता सूर्य, वर तालुक्यापासून मुंबईपर्यंतच्या नेत्यांची गोलात बसवलेली डोकी आणि खाली ठळक अक्षरांत : 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा व्यवस्थापन समितीचे भावी अध्यक्ष'. पद लांबलचक असल्यानं शेवटची दोन अक्षरं सूर्यात गेली होती. शुभेच्छुक 43. शाळेचा पट 29.

भाऊ सोसायटीला पडले, ग्रामपंचायतीला त्यांचं पॅनेलच पडलं, दूध डेअरीत कोणी अर्ज भरू दिला नाही. तेव्हा शिक्षणाची तळमळ जागी झाली. पण पहिल्याच पावलाला घोडं अडलं. शिक्षण हक्क कायद्याच्या 21 व्या कलमाप्रमाणे समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक लागतात, तेही त्याच शाळेत मूल असलेले. आणि अध्यक्ष या पालकांतूनच निवडायचा. भाऊंची दोन्ही मुलं तर रोज सकाळी पिवळ्या बसमधून तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला जात होती.

"पुतण्या आहे की शाळेत, तो धरा," भाऊ म्हणाले.

"त्याला त्याचे वडील आहेत, भाऊ," गुरुजी म्हणाले.

"मग पालकमंत्र्यांची कुठं पोरं असतात जिल्ह्यात?"

गुरुजी मुख्याध्यापक या नात्यानं समितीचे सचिव. उद्या याच माणसाबरोबर बँकेच्या खात्यावर जोडीनं सही करायची, हे ओळखून ते गप्प बसले.

आठवड्याच्या आत दोन्ही मुलांचे दाखले आले. ही बातमी सरपंचांच्या गटाला लागली, तशी त्यांच्या उमेदवारानंही आपला मुलगा बसमधून उतरवला. पट झाला 32.

आता हा आकडा जरा नीट बघा. समग्र शिक्षा योजनेत शाळेला वर्षाचं अनुदान पटावर मिळतं. 30 मुलांपर्यंत 10 हजार रुपये, 31 ते 100 मुलं असतील तर 25 हजार. खडू, वीजबिल, फुटकी कौलं सगळं त्यातच भागवायचं आणि त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर घालायचे. पट वाढावा म्हणून गुरुजींनी किती प्रभातफेऱ्या काढल्या, किती उंबरे झिजवले. पहिलीत येणाऱ्यांना बैलगाडीत बसवून गावभर मिरवलं. हाती काही लागलं नाही. जे गुरुजींच्या पायपिटीनं झालं नाही, ते दोन गटांच्या खुनशीनं आठवड्यात करून दाखवलं.

एवढ्याशा पैशासाठी कोण कशाला लढेल, असं कुणी विचारेल. बरोबर आहे. बॅनर, दोन जेवणावळी आणि पालकांना वाटलेल्या स्टीलच्या डब्यांचा खर्च 25 हजारांच्या पुढं केव्हाच गेला होता. भाऊंच्या मेव्हण्याचा वाळूचा ट्रॅक्टर आहे आणि शाळेला एक खोली मंजूर होणार अशी कुजबुज आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं भाऊंनी न विचारता चौघांना सांगितलं.

जाहीरनामा मात्र भरगच्च होता. सीबीएसई पॅटर्न. स्मार्ट बोर्ड (एक आहे, बिल थकल्यानं वीज तोडली, तेव्हापासून त्यावर चादर आहे). पोहण्याचा तलाव (प्यायच्या पाण्याची टाकी गळते). कायदा समितीला काय करायला सांगतो? शाळेच्या कामावर लक्ष ठेवा, शाळा विकास आराखडा करा, अनुदान कशावर खर्च झालं ते तपासा. यातलं एकही काम जाहीरनाम्यात नव्हतं. फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही.

समितीत निम्म्या बायका हव्यात, असंही कायदा सांगतो. आमच्याकडं त्या असतात, रजिस्टरात. सभेला त्यांचे नवरे येतात आणि मग चौथीतला एक चुणचुणीत मुलगा रजिस्टर घेऊन घरोघर सह्या गोळा करतो. त्याला आख्खा गाव तोंडपाठ झालाय. परिसर अभ्यासाचे पूर्ण गुण द्यायला हरकत नाही. स्थानिक शिक्षणतज्ज्ञासाठीही एक जागा असते. ती आमच्या खत दुकानदारांकडं आहे, कारण त्यांचं डी.एड. एकाच वर्षानं राहिलं.

यंदाच्या पालकसभेत मात्र एक बाई उठल्या. रोजंदारीवर जाणाऱ्या. त्यांची मुलगी तिसरीत, मूळच्या 29 मधली. त्यांनी विचारलं, "मुलींच्या संडासाला आतून कडी कधी बसणार?" भाऊंनी सरपंचांच्या माणसाकडं पाहिलं, त्यानं भाऊंकडं पाहिलं. महिन्यात पहिल्यांदाच दोन्ही गटांचं एकमत झालं : हा विषय आजच्या अजेंड्यावर नाही. बाई खाली बसल्या. सभेपायी त्यांचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडाला होता. अध्यक्ष करायचंच तर त्यांना करायला हवं होतं. पण त्यांचा बॅनर कोण लावणार?

ऑगस्ट 2015 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं उत्तर प्रदेश सरकारला सांगितलं होतं, की सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी आपली मुलं सरकारी शाळेतच घालावीत. तो आदेश वर्तमानपत्रांत फार गाजला आणि तिथंच राहिला. आमच्याकडं कुठल्या न्यायालयाला तसदी द्यावी लागली नाही. एका खुर्चीला एक अट घातली आणि पोरं बसमधून आपोआप उतरली. आमदारकीला, निदान जिल्हा परिषदेच्या सदस्यत्वाला तरी हीच अट लावून बघा; खोल्या मंजूर करून घ्यायला गुरुजींना हेलपाटे घालावे लागणार नाहीत.

सदस्यांनी हात वर केले आणि भाऊ एका मतानं अध्यक्ष झाले. मुदत दोन वर्षं. मुलांचे दाखले काढले तर पालकपण जातं आणि त्याच्याबरोबर खुर्चीही, हे गुरुजींनी आता त्यांना नीट समजावलंय. धाकटी खूश आहे म्हणे; बस लागून रोज उलटी व्हायची, ती थांबली. कडी अजून बसलेली नाही.

तेव्हा गावकऱ्यांनो, एकच विनंती. दोन वर्षांनी कोणी मोठं मन करून 'निवड बिनविरोध करू या' म्हणाला, तर ऐकू नका. निदान चार पॅनेल उभी करा. पट 61 वर गेला तर कायद्यानं तिसरा शिक्षक मिळतो.