फक्त डबा राहिलाय

जी वस्तू बाजारात पक्क्या पावतीसह आणि वर्षभराच्या हमीसह उजळ माथ्याने विकत मिळते, ती विकत आणणे हा आपल्या बुद्धीचा, दोन्ही हातांचा आणि एकंदर कुळाचा उपमर्द होय अशी ज्यांची प्रामाणिक धारणा असते, त्या जातीच्या एकाही इसमाशी आपला परिचय नाही असे सांगणारा मराठी वाचक मला अद्याप भेटायचा आहे. कुणाचे मामा असे असतात, कुणाचे सासरे. आमच्या वाट्याला वाड्यातल्या माडीवरचे तात्या आले. परवा मी दुकानातून एक टेबलपंखा आणला. तो जिन्याखालून गुपचूप आत नेत असता माडीवरून प्रश्न आलाच : "कितीला पडला?" मी आकडा सांगितला. त्यावर तात्या काहीही बोलले नाहीत. त्यांनी फक्त क्षणभर डोळे मिटले, आणि एका सुशिक्षित माणसाच्या अधःपाताचे दुःख गिळून ते आत गेले.

तात्यांचा खरा प्रांत रेडिओचा. नोकरी ते एका सरकारी कचेरीत करीत, परंतु त्यांचे चित्त बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत वसत असे, आणि रजा शिल्लक असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर. तिथून ते वाल्व, कंडेन्सर, कॉइल, गँग, स्पीकर असला ऐवज पिशवीतून आणीत आणि महिन्या-दोन महिन्यांच्या तपश्चर्येनंतर माडीवरून एके दिवशी खरोखरच मनुष्यवाणी ऐकू येई. मग वाड्यातली मंडळी वर जात, तो फळीवर तारांचे जंजाळ, काचेचे लाललाल वाल्व आणि उघडा स्पीकर, अशा दिगंबर अवस्थेतले यंत्र बातम्या सांगत असे, आणि शेजारी उभे राहून तात्या म्हणत, "झालं सगळं. आता फक्त डबा राहिलाय."

हे वाक्य मी विद्यार्थिदशेत प्रथम ऐकले. त्यानंतर वाड्याचा मालक बदलला, बोळात डांबर आले, तात्यांची पेन्शन सुरू झाली. डबा राहिलेलाच आहे. रेडिओचाच नव्हे. त्यांचा ध्वनिवर्धक बिनडब्याचा, बॅटरी भारण्याचे यंत्र बिनडब्याचे, आणि दाराची घंटा तर इतकी उघडी, की पाहुणे कडीच वाजवणे पसंत करीत. एकदा काकूंनी, म्हणजे तात्यांच्या पत्नीने, तगादा लावून सुताराकडून सागवानी खोके करवून घेतले. परंतु ते येईपर्यंत यंत्रात दोन वाल्वची भर पडून सांगाडा चार बोटे वाढला होता. सबब ते पॉलिश केलेले, पुढे सोनेरी जाळी लावलेले खोके कांदेबटाट्यांकडे वर्ग झाले. आमच्या पेठेत इतके हवेशीर कांदे दुसऱ्या कुणाकडे नव्हते.

1955 सालची रामनवमी मात्र वाड्याच्या स्मरणात वेगळ्या कारणाने राहिली. पुणे आकाशवाणी सुरू होऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, आणि त्या दिवसापासून दर शुक्रवारी सकाळी माडगूळकर-फडक्यांचे 'गीतरामायण' लागू लागले. लोक आंघोळी करून रेडिओपुढे बसत, त्याला हार घालीत, उदबत्ती ओवाळीत. आमच्या वाड्यात रेडिओ तात्यांचाच. म्हणून शुक्रवारी सारा वाडा माडीवर. आता तात्यांनी ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचवण्यासाठी, वाल्वचे तंतू एकापुढे एक जोडून वीज सरळ भिंतीतून घेण्याची जी युक्ती योजली होती (ती पुष्कळ स्वस्त सेटांत असे), तिच्यात सांगाड्याचा लोखंडी पत्राच विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. दोन काट्यांची पिन सुलट बसली तर सर्व ठीक. उलट बसली तर त्या पत्र्यात साक्षात विद्युल्लता. डब्यातल्या रेडिओला याचे भय नाही, कारण पत्र्याला हात पोचतच नाही. पण इथे डबा राहिला होता! एका शुक्रवारी तळमजल्यावरच्या आजींनी ओल्या पायांनी आणि ओल्या हारासह यंत्रदेवतेला माला अर्पण केली, आणि दुसऱ्या क्षणी त्या भिंतीपाशी जाऊन बसल्या. सारे घाबरले. आजींनी मात्र हात जोडले आणि म्हणाल्या, "अरे, जागृत आहे!" पुढच्या शुक्रवारी हार दुरून फेकण्यात आला. तात्यांनी शांतपणे पिन उलटी केली.

परवान्याचे प्रकरण याहून सरस. त्या काळी रेडिओ बाळगायचा तर टपाल कचेरीतून परवाना काढून दरसाल फी भरावी लागे, हे आताच्या पिढीला सांगूनही खरे वाटणार नाही. कारकुनाने मेक विचारला. तात्या म्हणाले, "स्वनिर्मित." "ही कंपनी कुठली?" "माडीवरची." नंबर विचारला, तेव्हा तात्यांनी बाणेदारपणे "एक" असे लिहवले. पुढल्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी, मधल्या काळात तो सेट मोडून त्याच सुट्या भागांतून नवा जुळवल्यामुळे, सत्याला स्मरून त्यांनी "दोन" सांगितला. आणि मग क्रमांक एक विकला की नष्ट केला, विकला असल्यास अर्ज कुठे आहे, नष्ट केला असल्यास हा त्याच भागांचा कसा, या मुद्द्यांवर जी उलटतपासणी झाली, ती पोस्टमास्तरांनी दुपारच्या चहासाठी बरखास्त केली. आत्म्याच्या देहांतराचा तो प्रश्न होता. खिडकीमागच्या गरीब माणसाकडे त्यासाठी रकाना नव्हता.

स्वहस्ते करण्याचे पहिले कारण तात्या नेहमी काटकसर हे सांगत. "दुकानात तीनशे. मला पडला ऐंशीला." या ऐंशीच्या हिशेबाची खतावणी मी स्वतः पाहिली आहे. तीत मुंबईचे रेल्वेभाडे नव्हते, जळालेले वाल्व नव्हते, आणि ज्या मीटरशिवाय यातले काही होणे शक्य नव्हते तो सेटाच्या तोडीच्या किमतीचा मीटरही नव्हता. ही सारी रक्कम त्यांनी 'शिक्षण' या स्वतंत्र खाती टाकली होती. त्या खात्यावर जितका खर्च झाला, तेवढ्यात त्यांच्या दोन्ही मुलांचे शिक्षण झाले असते. झालेही, पण ते काकूंनी शिवणकाम करून केले.

काकूंविषयी लिहायचे तर निराळा लेख हवा. केसकर माहितीमंत्री असताना चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि बुधवारी रात्री अख्खा देश 'बिनाका गीतमाले'साठी सिलोनला कान लावून बसू लागला, तेव्हा लघुलहरी नीट पकडाव्यात म्हणून तात्यांनी कॉइलींचे सूर लावायला घेतले. त्या कॉइलींतला गाभा धातूच्या पेचकसाने फिरवला तर पेचकसाच्या सान्निध्यानेच सूर बिघडतो, त्याला लाकडाचे किंवा प्लास्टिकचे हत्यार लागते. म्हणून काकूंची प्लास्टिकची विणायची सुई कानशीने घासून चपटी करण्यात आली. 455 किलोसायकल साधले. तात्यांचा स्वेटर एका बाहीवर थांबला.

पुढे ट्रान्झिस्टर आले आणि व्याधी बळावली. रोधकांवरच्या रंगीत पट्ट्या वाचून वाचून तात्यांची दृष्टीच पालटली होती. एका मंगळागौरीला काकू पिवळी साडी, जांभळा काठ आणि तांबडा पदर अशा बाहेर आल्या, तो तात्या कौतुकाने म्हणाले, "चार हजार सातशे ओहम!" शेजारणीने भाबडेपणाने विचारले, "आणि सोनेरी जर?" "पाच टक्के इकडेतिकडे." याच सुमारास त्यांना असा शोध लागला, की ओसी 71 या काचेच्या ट्रान्झिस्टरावरचा काळा रंग खरवडला तर त्याला उजेड कळू लागतो, आणि कंपनी जवळजवळ तीच वस्तू बिनरंगाची करून, नावात एक अक्षर वाढवून, जास्त दामाने विकते. त्या दिवशी तात्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होते ते केवळ आत्मज्ञानी पुरुषाच्या मुखावर असते. तयार मालाच्या लबाडीचा लेखी पुरावाच हाती आला होता! ब्लेडने रंग खरवडून त्यांनी चोरसूचक घंटा केली. ती काकूंनी पहाटे स्वयंपाकघरातला दिवा लावला की वाजे. चोर कधी आला नाही. सारा वाडा मात्र साडेचारला उठू लागला.

मुलीच्या लग्नाची बोलणी पूर्ण झाली, आणि याद्यांवर सह्या होत असता तात्या समाधानाने व्याह्यांना म्हणाले, "झालं सगळं. आता फक्त..." व्याह्यांचा हात कागदावरच थांबला. देण्याघेण्यातले काही राहिले की मुलीत काही व्यंग आहे, या विचाराने त्यांच्या कपाळावर घाम आला. "लाऊडस्पीकरचा डबा राहिलाय," तात्यांनी वाक्य पुरे केले. मंगलाष्टके त्याच उघड्या लाऊडस्पीकरवरून झाली, आणि चौथ्या अष्टकात मुंबई केंद्राचे बाजारभाव ऐकू आले.

वस्तू पुरी होऊन डब्यात गेली की ती इतरांच्या वस्तूंत जमा होते, आणि मग तिच्यात तात्यांना करण्यासारखे काही उरत नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. शस्त्रवैद्य रोग्याचे पोट उघडे ठेवून चहाला गेल्यासारखा त्यांचा संसार मला दिसे. पण त्या पोटात काय काय असते हे आम्हा पोरांना त्यांनीच दाखवले. आणि जमेच्या बाजूचा हिशेब असा, की ज्या आजींना झटका बसला होता, त्यांना पुढे ऐकू येईनासे झाले तेव्हा तात्यांनी त्यांच्यासाठी एक सेट जुळवला. त्याला केंद्र बदलण्याची कळ नव्हती. पुणे तेवढे लागे. आवाज दोन कानांवरच्या हेडफोनात जाई, म्हणजे रात्री कुणाची झोपमोड नाही. ट्रान्सफॉर्मर या खेपेस पदरचे पैसे घालून घातला होता, झटक्याचे भय नको म्हणून. असली वस्तू कोणत्याही दुकानात मिळत नव्हती, कारण असल्या गिऱ्हाइकाची कोणत्याही दुकानाला दखल नव्हती. डबा अर्थातच राहिला. आजींनी जुन्या धुवट लुगड्याचे झबले शिवून त्याला घातले, आणि हिवाळ्यात त्या ऊबेवर हात ठेवून त्या कीर्तन ऐकत. तात्यांच्या हातून झालेले हे एवढेच यंत्र आच्छादित अवस्थेत नांदले. ते त्यांनी पुन्हा कधी उघडले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

हल्ली तात्यांचा हात कापतो. पदपथावर स्वस्तात जो चिमुकला एफ. एम. सेट मिळतो, त्याच्या किमतीत आता एक धड गँगही येत नाही. हजारो भाग यंत्रेच यंत्रांत बसवू लागली, तेव्हा घरी जुळवलेली वस्तू तयार वस्तूपेक्षा महाग पडायला लागली, आणि काटकसर हा तात्यांचा एकमेव कायदेशीर बचाव गेला. असा एक सेट बिघडला म्हणून मी त्यांच्याकडे नेला. त्यांनी चष्मा पुसून तो उघडला. आत कॉइल नाही, रंगीत पट्ट्यांची ओळख दाखवणारे कुणी नाही. हिरव्या पाटीच्या मध्यभागी डांबराच्या थेंबाएवढा एक काळा ठिपका. सारे काही त्यात. तात्यांनी तो नखाने हळूच खरवडून पाहिला. सवयच ती.

गेल्या महिन्यात नातवाच्या वाढदिवसाला कुणीसे 'स्वतः रेडिओ बनवा' असा संच दिला. भारी किमतीचा, आत रंगीत पुस्तिका. तात्यांनी पेटी उघडली, तो पाटी तयार, ठिपका जागच्या जागी, तारासुद्धा जोडलेल्या. मुलाने स्वतः करायचे ते एवढेच, की डब्याचे दोन अर्धे भाग एकावर एक ठेवून चार स्क्रू पिळायचे. सगळे झाले होते. फक्त डबा राहिला होता. नातवाने पाच मिनिटांत तो पुरा केला आणि तो क्रिकेट खेळायला गेला.

तात्यांनी ती पुस्तिका मात्र रात्री जागून वाचली. रंगसंकेत शिकवणाऱ्या पानावर चार हजार सातशेच्या चित्रात तांबड्याजागी नारिंगी पट्टी छापली होती. म्हणजे सत्तेचाळीस हजार. दुसऱ्या दिवशी कंपनीला सविस्तर पत्र गेले. कंपनीचे उत्तर तत्परतेने आले : सूचनेबद्दल आभार, आणि कृतज्ञतेदाखल तयार रेडिओच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचे कूपन. कूपन तात्यांनी उलट टपाली परत केले. सोबतच्या पत्राची नक्कल त्यांनी मला दाखवली. तीत लिहिले होते की सवलत नको, नारिंगी पट्टीची दुरुस्ती पुढील आवृत्तीत व्हावी. आणि त्या काळ्या ठिपक्याच्या आत काय काय आहे याचा नकाशा कंपनीच्या दप्तरी असल्यास त्याची एक प्रत कृपया पाठवावी, नकलेचा व टपालाचा खर्च आमचेकडे.