बिघाडाचा दहावा

विमानातलं सुरक्षेच्या सूचनांचं प्लास्टिकचं कार्ड कुणी हातात घेत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी मे महिन्यात भर दुपारी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर यावं. आमच्या विमानात झाडून सगळ्यांच्या हातात ते कार्ड होतं आणि सगळे ते वारा घ्यायला हलवत होते. दार लागून बराच वेळ झालेला. गार हवा नाही. ‘इंजिन सुरू झालं की गार होईल,’ असं गोड आवाजात दोनदा सांगून झालेलं. माझ्यापुढचं टेबल चिकटपट्टीने बंद केलेलं, त्यावर चिठ्ठी : ‘वापरात नाही’. चिठ्ठीचे कोपरे पिवळे पडून वर वळलेले. ती माझ्यापेक्षा जास्त वेळा दिल्लीला जाऊन आली असणार. कंपनीचं नाव लिहीत नाही. एका रद्द तिकिटाचे पैसे अजून यायचे आहेत.

आमच्या जिल्ह्याला २०१७ पासून शिर्डीजवळ काकडीला स्वतःचा विमानतळ आहे, पण आम्हा सुपेकरांना शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर करत लोहगावच जवळ पडतं. जवळ म्हणजे वाघोलीची कोंडी पार झाली तर.

तर त्या चिठ्ठीचा अर्थ मला गावातल्याच एका पोराने सांगितला. पोरगा विमानांच्या दुरुस्तीच्या कामावर आहे. सुट्टीला आला होता. त्याचंही नाव लिहीत नाही. पुढची रजा मंजूर व्हायची आहे. तो म्हणाला, “काका, टेबल सोडा. हवा नव्हती ना, ती शेपटीतल्या छोट्या इंजिनामुळे. जमिनीवर उभं असताना वीज आणि गारवा तेच देतं. ते बंद असलं तरी विमान उडतं. तशी परवानगी असते.”

परवानगीची एक यादी असते, म्हणे. काय काय बंद असताना विमान नेता येईल, याची. आणि ऐकाल तर यादी शहाण्या माणसांनी केलेली आहे. एकाच्या जागी दोन यंत्रं असतील तर एक बंद चालतं, पण मग अटी येतात. गार हवेच्या दोनपैकी एक संच गेला तर कमी उंचीवरून जा. हवामानाचं रडार गेलं तर जिथे वादळ नाही अशा वाटेने जा. (त्यांनी खुशाल सुप्यावरून जावं. ढग आमच्याकडे फिरकत नाहीत, हे पारनेर तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल.) पंख यादीत नाहीत. ते दोन्ही लागतात. मला हे ऐकून बरं वाटलं.

मग पोराने मुदती सांगितल्या आणि माझी झोप गेली. बिघाडाच्या श्रेणी चार. पहिलीची मुदत ज्या त्या वस्तूपुढे लिहिलेली. दुसरीची ३ दिवस. तिसरीची १० दिवस. चौथीची १२० दिवस. तोवर दुरुस्ती पुढे ढकलता येते.

ओट्यावर तात्या बसले होते. गावात कुणी गेलं की पहिला फोन तात्यांना येतो. तिरडीला बांबू किती, सुतक कुणाला किती, सगळं तोंडपाठ. त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. “तीन आणि दहा? अरे पोरा, हे तर आपलंच आहे! तिसऱ्याला सावडणं आणि दहाव्याला पिंड. यांना कुणी शिकवलं?”

“आणि सापडला तो दिवस धरत नाहीत, तात्या,” पोरगा म्हणाला.

“म्हणजे?”

“बिघाड आज सापडला तर आजचा दिवस मोजायचा नाही. उद्यापासून एक.”

तात्या गप्प झाले. त्यांच्या साठ वर्षांच्या कारकिर्दीत असला हिशेब झाला नव्हता. आमच्याकडे माणूस रात्री पावणेबाराला गेला तरी तो दिवस पहिला. इथे सकाळी सहाला बिघाड सापडला तरी मध्यरात्रीपर्यंत तो बिघाड आहेही आणि नाहीही. दिवसभर विमान त्याला घेऊन फिरणार. बेंगळुरू, दिल्ली, पुन्हा पुणे. आणि कॅलेंडर म्हणणार, कोण? आम्ही नाही ओळखत. मला हा न मोजायचा दिवस इतका आवडला की मी घरात लागू केला. गिझर बिघडला, आजचा दिवस धरायचा नाही. बायकोने विचारलं, मग स्वयंपाक बिघडला तर? मी तो विषय पुढे ढकलला.

पण खरी गंमत दहाव्या दिवसाची आहे आणि इथे तात्यांचं शास्त्रही अपुरं पडलं. आमच्याकडे दहावा म्हणजे दहावा. सकाळी घाटावर मंडप, प्रवचनकार बुवा, मग पुढाऱ्यांची रांग. मयताला आयुष्यात कधी न भेटलेले सात जण त्याच्या मनमिळाऊ स्वभावावर बोलतात, आणि तिकडे पिंड मांडून घरचे कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला की सुटले. नाही शिवला तर काहीतरी इच्छा राहिली असं समजून थोरल्याने पुढे व्हायचं आणि शब्द द्यायचा : बहिणीचं लग्न करीन, विहिरीचं काम पुरं करीन. मग कावळा येतो. विमानाच्या बिघाडाचाही दहावा असाच घातला जातो, फक्त शब्द देणारा कावळ्यालाच फोन करतो. म्हणजे असं : नववा दिवस उजाडतो. सुटा भाग आलेला नसतो. तो दुसऱ्या शहराच्या भांडारात आहे, भांडारातला दुसऱ्याच विमानाला लागला आहे, आणि त्या विमानातला काढलेला नादुरुस्त भाग ‘तपासणीला’ गेला आहे. एकदा मुदतवाढ मागता येते, पण त्याला कारण लिहावं लागतं आणि कारण लिहिलं की कुणीतरी वाचण्याचा धोका असतो. त्यापेक्षा विमानाच्या नोंदवहीत लिहायचं : ‘जमिनीवर तपासले, ठीक आढळले.’ झाला दहावा! बिघाड सुटला, पिंडाला कावळा शिवला, सुतक फिटलं, सगळ्यांनी अंघोळी केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच बिघाड त्याच जागी, त्याच आवाजात कण्हत पुन्हा सापडतो. पण आता तो नवा! नवा जन्म, नवा मृत्यू, नवे दहा दिवस. आणि सापडला तो दिवस धरायचा नाही, म्हणजे अकरा. असा एकच बिघाड वर्षातून कितीदा मरू शकतो याचा हिशेब मी आणि तात्यांनी ओट्यावर खडूने केला. तेहतीस वेळा मरतो. तात्या म्हणाले, एवढ्या वेळा जो मरतो त्याला भूत म्हणतात.

एकाच बिघाडाने वारंवार डोकं वर काढलं तर त्याची वेगळी दखल घ्यायची, असाही नियम आहे. पोराने तो अगदी कळवळून सांगितला. नियमांच्या बाबतीत आपण कधीच गरीब नव्हतो.

आणखी एक चमत्कार. विमानं बाहेरगावी आजारी पडत नाहीत. दिवसभर चार शहरं हिंडतात, सगळीकडे वहीत ‘निरंक’. शेवटच्या फेरीत घरच्या तळावर उतरताना मात्र तीन-तीन दुखणी एकदम निघतात. कारण बाहेरगावी वहीत लिहिलं तर तिथेच उत्तर द्यावं लागतं. डावीकडे तक्रार, उजवीकडे उपाय, खाली सही, आणि सही होईपर्यंत विमान उभं. म्हणून दुखणं पोटात धरून घर गाठायचं. सासरी नाव काढायचं नाही, माहेरी येऊन पडायचं. विमानाला स्त्रीलिंग का लावत नाहीत कळत नाही.

आता हसून झालं असेल तर ऐका. आमच्या सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत जपान्यांपासून सगळे आलेत. तिथे प्रेस मशीनला लाल पाटी आणि कुलूप लागलं की ते मशीन थांबतं. ज्याने कुलूप लावलं त्यानेच काढायचं. साहेब आला तरी मशीन हलत नाही. बारावी नापास कंत्राटी कामगाराला हे पहिल्या दिवशी शिकवतात. पाटी लागली म्हणजे थांबा. आणि इथे पाटी लागली म्हणजे उडा! यादी चुकीची नाही हो. मुदत म्हणजे जास्तीत जास्त एवढे दिवस, त्याआधी दुरुस्त करा, असं ज्याने लिहिलं तो बिचारा शहाणा होता. आपण तिचं काय केलं? दहा दिवस म्हणजे दहाव्या दिवशीच बघायचं. मुलाच्या फीची शेवटची तारीख आणि विमानाच्या दुरुस्तीची शेवटची तारीख एकाच नजरेने बघणारी माणसं वर बसली आहेत, आणि रात्री दोनला हँगरमध्ये बॅटरी तोंडात धरून वाकलेला पोरगा खाली आहे. तो सही करत नाही म्हणाला तर त्याला फोन येतो. ‘बघ, सकाळची सहाची फेरी आहे, भरलेली आहे.’ एवढंच. कर असं कुणी म्हणत नाही. त्याची सही वहीत कायमची राहते. फोनची नोंद कुठल्याच वहीत नसते. उद्या काही झालं तर चौकशीत सही सापडते.

आणि हेच उदार लोक प्रवाशाशी कसे वागतात? मागच्या खेपेला मी काउंटरवर चार मिनिटं उशिरा पोचलो. वाघोली! मी म्हटलं, ताई, माझा उशीर तिसऱ्या श्रेणीत धरा, दहा दिवसांत दुरुस्त करतो. मुलीने वरही पाहिलं नाही. बॅग पंधरा किलोंच्या वर चारशे ग्रॅम भरली, शेंगदाण्याची चटणी होती, त्याचे पैसे तिथल्या तिथे घेतले. सापडला तो दिवस धरला. सापडलं ते मिनिट धरलं. मेकॅनिकला सुटा भाग आणायला दहा दिवस आणि म्हाताऱ्या माणसाला चटणी काढायला दहा सेकंद नाहीत!

तात्या हे सगळं ऐकून बराच वेळ विचारात होते. मग त्यांनी पोराला एकच विचारलं, “विमानतळावर कावळे असतात का रे?”

“छे, तात्या. पक्षी इंजिनात जातात ना. फटाके लावून हाकलतात.”

“मग शिवणार कोण?” म्हणाले आणि पुन्हा तंबाखू मळायला लागले.