झुरळं शेजाऱ्यांची, कोटेशन आपलं

पेस्ट कंट्रोलचा माणूस पाहणीला येणार म्हटलं की घरात सकाळपासून साफसफाई सुरू होते. ओट्याखालची कांद्या-बटाट्याची टोपली गॅलरीत जाते. 'लागतील कधीतरी' म्हणून सिंकखाली कोंबलेल्या पिशव्यांचा गठ्ठा माळ्यावर चढतो. शेगडी उचलून खालचा ओटा घासला जातो. ज्या खुणांवरून झुरळांचा ठावठिकाणा लागायचा, त्या सगळ्या अकराच्या आत धुऊन-पुसून साफ झालेल्या असतात. मग दार उघडून घरमालकीण सांगते, "तशी आमच्याकडे नाहीतच हो. परवा एक दिसलं, म्हणून म्हटलं करून घ्यावं."

हे वाक्य त्या माणसाला पाठ असतं. तो मान डोलावतो, टॉर्च काढतो आणि थेट ट्रॉलीच्या बिजागरीपाशी बसतो. पुसणारा हात तिथवर पोचत नाही, हे त्याला ठाऊक आहे. ट्रॉली पूर्ण बाहेर ओढायची, रुळाच्या मागच्या फटीत उजेड टाकायचा, मिक्सर उलटा करून बूड बघायचं, फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरजवळच्या उबेत डोकवायचं. प्लायवूडच्या कडेला बारीक काळे ठिपके दिसतात, ती विष्ठा. शेजारी तपकिरी रंगाची, आडव्या रेघांची इवलीशी रिकामी कुपी सापडते, ते अंड्यांचं टरफल. उजेडाने बावरून एक पिल्लू बाहेर येतं आणि दुसऱ्या फटीत शिरतं. माणूस उठतो, गुडघे झटकतो आणि गंभीर आवाजात निदान सांगतो, "मॅडम, जर्मन आहेत."

घरात एकदम शांतता पसरते. 'जर्मन' ऐकलं की दर वाढणार, हे न सांगताच कळतं. पण माणूस थापा मारत नसतो. गटारातून वर येणारं मोठं लालसर झुरळ ते 'अमेरिकन', जन्माने आफ्रिकेचं. पावसाळ्यात जाळीतून येतं, चप्पल खाऊन मरतं. जर्मन त्याच्या निम्म्याहून लहान, मानेवर दोन काळ्या रेघा. मादी 30 ते 40 अंड्यांची कुपी पोटाशी धरून हिंडते आणि पिल्लं बाहेर पडायच्या बेतात आली की मगच ती टाकते. फवारा अंड्यांपर्यंत पोचावा तरी कसा? त्यात हा प्राणी रात्रीचा. दिवसाढवळ्या ओट्यावर फिरणारं झुरळ बहुधा आत जागा उरली नाही म्हणून बाहेर पडलेलं असतं. 'परवा एक दिसलं' याचा अर्थ त्या माणसाला म्हणूनच नीट कळतो.

दर मात्र झुरळांवर ठरत नाही, बीएचकेवर ठरतो. वन बीएचकेला इतके, टू बीएचकेला तितके, वर 18 टक्के जीएसटी. वास्तविक जर्मन झुरळाला बेडरूम किती आहेत याच्याशी काही देणंघेणं नाही. ऊब, ओल आणि अन्न हाताशी असलं की झालं. त्याचा संसार बहुतेक स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये. थ्री बीएचकेवाला ज्या तिसऱ्या बेडरूमचे पैसे मोजतो, तिथे झुरळाने कधी पाऊलही टाकलेलं नसतं. उलट वन रूम किचनमध्ये स्वयंपाक, झोप आणि मुलांचा अभ्यास सगळं एकाच ठिकाणी. काम तिथे सर्वांत जास्त आणि दर सर्वांत कमी, म्हणून काम सर्वांत लवकर उरकतं. दिवाणखान्यातला सोफा नवा दिसला, खाली पार्किंगमध्ये दुसरी गाडी दिसली, तरी आकडा बदलतो. कोटेशनमध्ये सगळ्याची मोजदाद होते, झुरळ तेवढं वगळून.

गिऱ्हाईकही काही कमी नसतं. भाव पाडायचा असतो तेव्हा झुरळं दोन-चारच असतात. वॉरंटीचा विषय निघाला की तीच घरभर बोकाळलेली असतात. "तीन सर्व्हिसचे अडीच हजार? अहो, आहेत किती ती!" आणि लगेच पुढच्या वाक्यात, "वर्षभर एकही दिसता कामा नये हं, नाहीतर फुकट यावं लागेल."

सौदा ठरला की तिसरा मुद्दा निघतो: ही आली कुठून? उत्तर तयार असतं, वरच्या मजल्यावरून. वरचे म्हणतात, खालून. या बाबतीत युरोपनेही आपल्याहून वेगळं काही केलेलं नाही. प्राण्यांची शास्त्रीय नावं ठेवणाऱ्या लिनिअसने 1767 मध्ये या किड्याच्या नावात जर्मनीला गोवलं. रशियन लोक त्याला प्रशियाचा म्हणत, तर खुद्द जर्मनीतले काही जण रशियाचा. हा वाद 2024 मध्ये मिटला. 17 देशांतल्या 281 झुरळांची जनुकं तपासून संशोधकांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात निष्कर्ष मांडला. हे झुरळ सुमारे 2,100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात आशियाई झुरळापासून वेगळं झालं. म्हणजे इकडे सातवाहन राज्य करत होते, त्या सुमाराला. पुढे सुमारे 1,200 वर्षांपूर्वी ते पश्चिम आशियाकडे सरकलं आणि नंतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या गलबतांतून जगभर गेलं. जर्मनांनी दोन-अडीचशे वर्षं विनाकारण बदनामी सोसली. माल आपल्याच भागातला निघाला. तरीही कुठल्या सोसायटीत कुणी वरच्या मजल्याची माफी मागितल्याचं ऐकिवात नाही.

प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचं. बिजागऱ्यांजवळ, फटींच्या तोंडाशी जेलचे बारीक ठिपके लावायचे. त्यात इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिल असतं आणि भोवती गोड आमिष. ते खाल्लेलं झुरळ बिळात जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि मढं खाणारी बाकीचीही मरतात. कल्पना अव्वल आहे, पण झुरळ त्याहून चिवट. नॉर्थ कॅरोलायनाच्या संशोधकांनी 2013 मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवून दिलं, की आमिषांच्या माऱ्यातून वाचलेल्या काही जर्मन झुरळांना ग्लुकोज कडू लागायला लागलं आहे. लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट पुढे सरकवणाऱ्या मधुमेही काकांसारखी ती जेलला वळसा घालून निघून जातात. पर्ड्यू विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासात तर काही झुरळांची औषध पचवण्याची ताकद एका पिढीतच चार ते सहा पटींनी वाढलेली आढळली.

अर्थात, आपल्याकडे जेल हरतं ते बहुतेक वेळा जनुकांमुळे नव्हे. "तीन दिवस पुसू नका" असं बजावून माणूस गेला, की संध्याकाळी भांडीवाल्या मावशी प्रामाणिकपणे सगळे ठिपके पुसून काढतात. त्यातून उरलेच, तर रात्री घरचा कर्ता पुरुष बाजारातला लाल डबा घेऊन त्यावर फवारा मारतो. त्या वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत आणि आतापर्यंत एका ट्रॉलीत असलेली घरभर पांगतात. महिन्याने फोन जातो: "तुमच्या औषधात काही दम नाही."

औषधाबद्दल विचारलं, तर "हर्बल आहे, वास येत नाही" एवढंच उत्तर मिळतं. बाटली बघायला मागणारं गिऱ्हाईक विरळाच. खरं तर बाटलीवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग लाल, पिवळा, निळा, हिरवा अशा उतरत्या क्रमाने विषाची जहालता सांगतो. ते बघायला विज्ञानाची पदवी लागत नाही. धंद्याचा परवाना काढायला मात्र लागते: रसायनशास्त्रासह विज्ञानाची किंवा कृषीची पदवी, शिवाय मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण. हे नियम कुणी हौसेने केलेले नाहीत. 1958 मध्ये केरळात परॅथिऑन हे कीटकनाशक सांडलेल्या गव्हाच्या पिठाने शंभरावर माणसं दगावली, त्यातून पुढे 1968 चा कीटकनाशक कायदा आला. पण आपल्याकडे परवाना बघायला मागणं म्हणजे माणसाचा अपमान, आणि सोफ्याखाली मारलेल्या द्रव्याचं नाव विचारणं म्हणजे नसत्या चौकशा. चौकशी होते ती एकाच गोष्टीची: "जीएसटीशिवाय कितीत कराल?"

मुंबई महापालिका रात्रपाळीच्या मूषक संहारकांकडून मेलेले उंदीर मोजून घेते. झुरळांसाठी असा सरकारी हिशेब नाही, ती ज्याची त्याने बघायची. आणि अडचण इथेच आहे. फ्लॅट ज्याचा त्याचा असला, तरी नळ, डक्ट आणि भिंतीतून जाणारे पाइप सगळ्यांचे. एका घरातली पाइपाच्या भोकातून शेजारी जातात आणि औषध उतरलं की परत येतात. सगळी इमारत एकाच दिवशी, डक्टसकट करून घेतली तर खर्चही कमी आणि गुणही जास्त, हे पाहणीला येणारा प्रत्येक जण सांगतो.

म्हणून हा विषय सोसायटीच्या वार्षिक सभेत येतो. सप्टेंबरअखेर ही सभा घ्यावीच लागते, त्यामुळे पावसाळ्यातली झुरळं सर्वांना ताजी आठवत असतात. गळती, पार्किंग, भाडेकरूंचे कुत्रे या विषयांनंतर रात्री साडेदहाला झुरळांवर चर्चा होते. पहिल्या मजल्याचं म्हणणं, आमच्याकडे नाहीत तर आम्ही वर्गणी का द्यायची? तसं पाहिलं तर कुणाकडेच नसतात. शेवटी ठराव एकमताने मंजूर होतो: ज्या सभासदांच्या घरी झुरळं आहेत, त्यांनी ऑफिसातल्या वहीत फ्लॅट नंबर लिहावा. महिन्याने वही उघडली, तर पान कोरं. मग कमिटी नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागवते आणि त्यातल्या सर्वांत स्वस्तात जिना, पार्किंग आणि वॉचमनची केबिन फवारून घेते. त्यावर वर्षभराची वॉरंटीही मिळते.