पाव्हणं, कुठलं गाव?

मुलीच्या बापानं विहिणीचा मान राखावा, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. विहिणीची पंगत, विहिणीचा आहेर, आणि शेवटी विहिणीचा रुसवा. माझी विहीण अमेरिकेतल्या ओहायोची निघाली, त्यामुळे ही सगळी कलमं आपोआप रद्द झाली असं मी सात वर्षं समजत होतो. लग्नात कुणीतरी तिला 'वरमाई' म्हणजे काय ते समजावलं, तिचे पाय धुतले. तिनं तेवढ्यापुरतं ते पद आनंदानं भूषवलं आणि ती आपल्या गावी गेली. आम्ही डोंबिवलीत राहिलो. विहीण साता समुद्रांपलीकडे असणं, यासारखं सुख मुलीच्या बापाला नाही.

आठव्या वर्षी मुलीचा फोन आला.

"बाबा, मम्मी भारतात राहायला येतायत. नगरला. अरणगावात खोली घेतलीय त्यांनी."

"नगरला? तिथं आपलं कोण आहे?"

"आपलं कुणी नाही. त्यांचं आहे."

त्यांचे म्हणजे मेहेरबाबा. पुण्यात १८९४ साली जन्मलेले, १९२३ मध्ये नगरजवळच्या अरणगावात आलेले आणि त्या माळाचं मेहेराबाद केलेले. विहीणबाई ग्रंथपाल होत्या. कपाटातलं एक पुस्तक चुकीच्या जागी लागलेलं सापडलं, ते जागेवर ठेवता ठेवता त्यांनी वाचलं, आणि ते या बाबांचं निघालं. त्याला आता चाळीस वर्षं झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी घर विकलं आणि निघाल्या.

"तुम्ही फक्त त्यांचं बस्तान बसवून द्या," मुलगी म्हणाली. "तुम्हाला तिकडचं सगळं माहीत असेल ना?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो. नगर मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, पुण्याहून शिर्डीला जाताना, गाडीत झोपलेला असताना.

विमानतळावर विहीणबाईंनी हात जोडले आणि विचारलं, "व्याहीबुवा, प्रकृती बरी आहे ना? प्रवासात श्रम झाले नाहीत ना?" अठरा तासांचा प्रवास त्यांनी केला होता. मी डोंबिवलीहून आलो होतो. पण मी दचकलो ते त्या मराठीमुळे. चौकशी करता कळलं, की बाई मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशावर मराठी शिकल्या आहेत. हा कोश १८३१ सालचा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. ग्रंथपालाला कोश वाचण्याची खोड असते. त्यामुळे त्यांचं मराठी पेशवाई बुडाल्यानंतरच्या पहिल्या पिढीचं होतं, आणि माझं मराठी सकाळच्या ८.१२ च्या लोकलमधलं. "लगेज जास्त आहे, कॅब बुक करू का?" असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ओझं बहुत आहे खरं, परंतु एस्टीनं जाऊ."

कल्याणहून नगरची एस्टी मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा अशी जाते. पाच बॅगा मागच्या सीटवर रचल्या. कंडक्टर आला. बाई परदेशी आहेत, असं मी त्याला आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढं घोळ नको.

"बाई हायेत ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग अर्धं."

मार्च २०२३ पासून एस्टीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि त्यात ओहायोचा अपवाद त्याला दिसला नाही. मी संधी साधून म्हणालो, "मीपण ज्येष्ठ नागरिक आहे."

"किती चालू?"

"त्रेसष्ट."

"पासष्टला या," असं म्हणून त्यानं पूर्ण तिकीट फाडलं. माझ्या महाराष्ट्रातून मी पूर्ण दरानं आणि विहीणबाई निम्म्या दरानं अशी आमची वरात निघाली.

विहीणबाईंची खरी अडचण गावाच्या नावाची होती. गाडीच्या पाटीवर अहिल्यानगर, त्यांच्या जुन्या नकाशात अहमदनगर, आणि गाडीतला जो तो म्हणतोय नगर. मी घसा साफ करून सांगायला लागलो, की अहमद निजामशहानं १४९० मध्ये शहर वसवलं, २०२४ मध्ये नाव बदललं, अहिल्यादेवींचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा, १७२५ सालचा... पुढचं मला येत नव्हतं, म्हणून मी आवाज वाढवला. कंडक्टरनं ते ऐकलं. "मावशी, तुम्ही नगरला उतरा," तो म्हणाला. "तिन्ही गावं एकदमच येत्यात."

आळेफाट्याला विहीणबाईंनी बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा मागितला. टपरीवाल्यानं काळजीनं माझ्याकडं पाहिलं. "पोट बिघडलंय का बाईंचं?" मला काय उत्तर द्यावं सुचेना. विहीणबाईंना सुचलं. नगरच्या किल्ल्यात १९४२ साली नेहरू, पटेल, मौलाना आझाद कैदेत होते, आणि दूध घातलेल्या चहाला मौलाना चहा मानायलाच तयार नव्हते, असं त्या सांगत राहिल्या. आझादांनी तिथून लिहिलेल्या पत्रांत चहावर पानंच्या पानं आहेत म्हणे, आणि खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी झालेल्या लढाईवरही. नेहरूंनी त्याच किल्ल्यात भारताचा शोध लिहिला. मी सगळ्याला मान डोलावली. ठाऊक नसलेल्या गोष्टीला मान डोलावणं ही माझी जुनी कला आहे. टपरीवाल्याला ती येत नसावी. "आसं व्हय? हे म्हाईत नव्हतं," असं म्हणून त्यानं काळा चहा केला आणि पैसे घेतले नाहीत. माझ्या दुधाच्या चहाचे घेतले.

अरणगाव नगरपासून दौंड रस्त्याला आठ-नऊ किलोमीटरवर आहे. घरमालकीण सत्तरीची, गाव तिला आक्का म्हणतं. तिनं आमच्याकडं पाहिलं, पाच बॅगांकडं पाहिलं, विहीणबाईंना "या" म्हणाली आणि मला विचारलं, "पाव्हणं, कुठलं गाव?"

"डोंबिवली."

"लई लांबून आलात."

ओहायो कुठं आहे हे तिनं विचारलं नाही. तिथून माणसं येतच असतात. गेली शंभर वर्षं इराण, इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथून लोक या गावात येऊन राहतायत, कुणी महिना, कुणी जन्मभर. डोंबिवलीचा माणूस मात्र तिनं जवळून पहिल्यांदाच पाहिला असावा.

खोली बघताना मी जबाबदार माणसासारखं विचारलं, "किचनमध्ये स्टोरेज कितपत आहे?"

"काय म्हणतात पाव्हणं?" आक्कानं विहीणबाईंना विचारलं.

"फडताळ आहे का, असं पुसतात," विहीणबाई म्हणाल्या.

आक्काचा चेहरा उजळला. भिंतीतलं फडताळ तिनं उघडून दाखवलं, मग कोनाडा दाखवला, मग उतरंड. माझ्या आजीच्या तोंडी शेवटचे ऐकलेले हे शब्द. ते अरणगावात वापरात होते, ओहायोच्या बाईला पाठ होते, आणि मधल्या मध्ये मी होतो. घर बघून झाल्यावर आक्कानं खरा प्रश्न विचारला.

"मालक कुठंयत?"

विहीणबाईंनी मनात कोश उघडला असावा. "मालक तुम्ही," त्या नम्रपणे म्हणाल्या. "मी भाडेकरीण."

आक्का पदर तोंडाला लावून इतकी हसली, की शेजारच्या चार जणी जमल्या. नवऱ्यापासून केव्हाच वेगळी झालेली ही बाई स्वतःला कुणाची काय म्हणवून घेते, हा प्रश्न त्या एका वाक्यात गावापुरता सुटला.

परदेशी माणूस घरात उतरला की चोवीस तासांत मालकाला फॉर्म भरून सरकारला कळवावं लागतं. याच्यासाठी मी पूर्ण दिवस राखून ठेवला होता, झेरॉक्सचे तीन तीन संच काढले होते. आक्काच्या नातवानं पासपोर्टचा फोटो काढला आणि मोबाइलवर बोटं फिरवून दहा मिनिटांत काम संपवलं. मग माझ्याकडं बघून विचारलं, "आक्के, पाव्हण्यांचापण भरायचा का?"

"भर, भर," आक्का आतून म्हणाली. "उगं घोळ नको."

आता माझं कर्तृत्व सांगतो. नळाला पाणी रोज येत नाही, हे कळताच मी नगरला जाऊन पाचशे लिटरची टाकी आणली. दुकानदारानं विचारलं, "दाराचं माप घेतलंय ना?" मी म्हणालो, "म्हणजे काय!" टाकी टेम्पोतून उतरली, अंगणातून गडगडत आली आणि दारात अडकली. ती आडवी जाईना, उभी जाईना. दुकानदार परत घेईना. चिंचेखाली बसलेली सगळी माणसं उठून आली, प्रत्येकानं एकेक दिशा सुचवली, आणि अखेर टाकी अंगणात राहिली. विहीणबाईंनी आक्काला एवढंच विचारलं, "तुम्ही काय करता?" आक्कानं माळ्यावरचे दोन हंडे आणि एक रांजण दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला दार वाजलं. "बाई, पानी आलं!" विहीणबाई हंडा घेऊन पळाल्या. मी टाकीकडं बघत उभा राहिलो.

चितळे रोडच्या भाजीबाजारातही तेच. मी मेथीच्या जुडीला हात लावून म्हणालो, "काय लावलीस? डोंबिवलीत याच्या निम्म्यानं मिळते." भाजीवाली म्हणाली, "मग तिथनं आणा." विहीणबाई पुढं झाल्या. "मला भाव ठाऊक नाही. तुम्हीच सांगा." बाईनं भाव सांगितला, वर मूठभर कोथिंबीर टाकली आणि मेथी कशी निवडायची तेही शिकवलं. मी ते शिक्षण चोरून घेतलं, कारण गेली तीस वर्षं घरी मेथी मीच निवडतो आणि चुकीची निवडतो, हे मला तिथं समजलं.

रात्री आक्कानं हुलग्याची शेंगोळी केली. मी माझं ज्ञान पाजळलं, "हुलगे म्हणजे घोड्यांना घालतात ते."

"म्हणून घोडी पळत्यात," आक्का म्हणाली. "खाऊन बघा पाव्हणं."

दुसऱ्या दिवशी आम्ही नगर पाहिलं. खरं तर विहीणबाईंनी मला दाखवलं. खंदकाकडून भुईकोट किल्ला दाखवला. मग अमेरिकन मिशनची गोष्ट सांगितली. मिशन नगरला आलं १८३१ मध्ये, म्हणजे मोल्सवर्थचा कोश निघाला त्याच वर्षी. सिंथिया फरार ही न्यू हॅम्पशायरची बिनलग्नाची बाई १८२७ मध्ये जहाजानं मुंबईला उतरली, १८३९ मध्ये नगरला आली, मुलींना शिकवत राहिली आणि १८६२ मध्ये इथंच वारली. तिच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या, आणि सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं प्रशिक्षणही तिच्याकडं झालं. 'ज्ञानोदय' १८४२ साली याच गावातून निघालं. पुढं साऱ्या इंग्लंडला हसवणारा स्पाइक मिलिगन १९१८ मध्ये जन्मला तोही इथंच. मी मान डोलवायला घेतली आणि थांबवली. "यातलं मला काहीच माहीत नव्हतं," मी म्हणालो. विहीणबाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

संध्याकाळी मेहेराबादला गेलो. दौंड–मनमाड रेल्वेमार्ग मधून जातो. अलीकडं खालचं मेहेराबाद, पलीकडं टेकडी, टेकडीवर समाधी. बाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवीपर्यंत. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून बोलत, १९५४ नंतर तीही पाटी सोडली आणि हातवाऱ्यांवर भागवलं.

"म्हणून मला इथं भय वाटत नाही," विहीणबाई म्हणाल्या. "बोलता येत नाही, हा दोष या गावात धरत नाहीत."

खालून मालगाडी गेली. ती जाईपर्यंत आम्ही दोघं गप्प बसलो. विहिणीजवळ इतका वेळ गप्प बसण्याची माझी पहिलीच वेळ.

आठव्या दिवशी मी निघालो. आक्कानं बाजरीच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला. विहीणबाई स्टँडवर पोचवायला आल्या, गर्दीत शिरल्या, खिडकीतून रुमाल टाकून त्यांनी माझी जागा धरली. शेजारी बसलेल्या आजोबांनी तंबाखू मळत माझ्याकडं पाहिलं.

"पाव्हणं, कुठलं गाव?"

परवा विहीणबाईंचा फोन आला. आता त्या 'पुसतात' म्हणत नाहीत, 'इचारत्यात' म्हणतात. गल्लीत पाणी कुणाकडं आधी येतं, कुणाची म्हैस व्यायली, आक्काचा गुडघा कोणत्या तेलानं उतरला, हे त्यांनी सांगितलं. टाकीत आक्का शेळ्यांची वैरण ठेवते. टाकी भक्कम आहे म्हणाली, पाव्हण्यांना सांग.

डोंबिवलीत मला एकतीस वर्षं झाली. आमच्या खालच्या मजल्यावर कोण राहतं, ते मला माहीत नाही.