माऊची एकादशी

लंडन,
कार्तिक वद्य एकादशी

ती. काकांस,

आज आळंदीत पाय ठेवायला जागा नसेल, घाट वारकऱ्यांनी फुलला असेल आणि घरात साबुदाणा भिजला असेल. म्हणूनच मुद्दाम आजच लिहायला बसलो. विनंती एकच, माऊला एकादशी घडू देऊ नका. "वय झालं तिचं, दोन दिवस नाही खाल्लं तर पोटाला आरामच," हे तुमचं म्हणणं माणसाच्या पोटाला लागू असेल. मांजराचं, त्यातही गुबगुबीत मांजराचं, खाणं दोन-तीन दिवस तुटलं की अंगातली चरबी यकृताकडे धावते, यकृताला ती आवरत नाही आणि कावीळ होऊन जिवावर बेततं. ज्या उपासाने तुम्हाला पुण्य लागतं, त्यानेच ती वैकुंठाला जायची, तेही तुमच्या आधी. म्हाताऱ्या मांजराच्या ताटलीत आपला आचार वाढू नये, तिचं शरीर बघून वाढावं, असं आमचं म्हणणं आहे.

तुमचा पहिला आक्षेप दूधभाताचा. आळंदीतली मांजरं पिढ्यान्‌पिढ्या दूधभातावर जगली, हे खरं. पण दूधभात आपल्या घरी आणि उंदीर शेजाऱ्यांच्या कोठीत, असा त्यांचा दुहेरी हिशेब होता आणि आपल्याला त्यातली एकच वही दिसली. टॉरिन नावाचा घटक मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही. तो मांस-मासळीतून मिळाला नाही तर डोळे आणि हृदय दोन्ही निकामी होतात. म्हातारपणी शिकार सुटते आणि दूधभात तेवढा उरतो. शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. देवळासमोरचा पेढा ती चाटते तो स्निग्धतेसाठी. गोडाची चव ओळखायची सोयच तिच्या जिभेत नाही, हे २००५ साली सिद्ध झालं आहे. पेढा तुम्हीच संपवा.

दुसरा आक्षेप, "पाणी भरपूर पिते, म्हणजे ठणठणीत आहे." इथे गोष्ट नेमकी उलटी आहे. पंधरा वर्षांचं मांजर म्हणजे माणसाची शहात्तरी, आणि या वयात मूत्रपिंडं बऱ्याच मांजरांना दगा देतात. लघवी घट्ट करायची ताकद गेली की पाणी अंगात टिकत नाही, म्हणून ती सारखी वाटीकडे जाते. हे आपल्या लक्षात येईपर्यंत मूत्रपिंडाचं दोन तृतीयांश काम बंद पडलेलं असतं. पथ्याने एवढ्या उशिरा काय होणार, असं तुम्ही विचाराल. इथल्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २००० साली अशा ५० मांजरांचा अभ्यास छापला. कमी फॉस्फरसचं, बेताच्या प्रथिनांचं खाणं ज्यांनी स्वीकारलं त्यांतली निम्मी निदानानंतर ६३३ दिवसांच्या पुढे गेली. ज्यांना ते मिळालं नाही किंवा रुचलं नाही, त्यांतली निम्मी २६४ दिवसांतच आटोपली. खाणारी मुळातच धडधाकट असतील, ही तुमची शंका रास्त आहे, कारण तिथे चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते. अमेरिकेत मात्र तसे पाडले. २००६ साली छापलेल्या त्या अभ्यासात ४५ मांजरं होती. दोन वर्षांत साध्या खाण्यावरच्या सुमारे पाव मांजरांच्या रक्तात विषारी द्रव्यं साचून ती अत्यवस्थ झाली, पथ्यावरचं एकही नाही.

पण पथ्याचं खाणं तिने हुंगून सोडलं, तर "भूक लागली की खाईल" हा आजीचा नियम लावू नका. पथ्यापेक्षा पोटात काहीतरी जाणं आधी. जुन्यात चमचाभर नवं मिसळत दोन-तीन आठवड्यांत बदल करा. डब्यातलं ओलं खाणं किंचित कोमट केलंत तर म्हाताऱ्या नाकालाही वास लागतो. त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, ते आपसूक पोटात जातं. उरलेला रस्सा मात्र अजिबात नको, कांदा-लसणाने मांजराच्या रक्तपेशी फुटतात. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही तिचा जीव घेऊ शकते. आणि "एकादशी, दुप्पट खाशी" अशी खाऊनही ती वाळत चालली, तर थायरॉइड तपासा.

राहिला माळेचा प्रश्न. गळ्यात माळ असताना घरात मांसाचा डबा कसा उघडायचा? काका, चौदाशे वर्षांचे चांगदेव वाघावर बसून आले, तेव्हा जी चालून गेली म्हणतात ती भिंत तुमच्याच गावात आहे. त्या वाघाला कुणी साबुदाणा वाढल्याचं ऐकिवात नाही. डबा मागच्या पडवीत उघडा, चमचा वेगळा ठेवा. सोवळं ओट्यापुरतं असू द्या. खर्चाचं म्हणाल, तर रक्त, लघवी आणि रक्तदाब एकदा तपासून घेणं हे दर महिन्याला अंदाजाने औषध आणण्यापेक्षा स्वस्तच पडतं.

चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम वजन उतरलं, तर ते तुमचं साठातलं सहा किलो उतरल्यासारखं. केसांआड ते डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा दर पंधरवड्याला तिला टोपलीत बसवून वाण्याच्या काट्यावर न्या आणि आकडा कालनिर्णयवर एकादशीच्या चौकटीत लिहून ठेवा. ते पान तुम्ही चुकवत नाही.

काकूंना नमस्कार.

आपली,
लंडनची मंडळी