बसून बघितल्याशिवाय काय कळणार!

दुसऱ्याची नवी गाडी दिसली की ‘एक चक्कर मारू?’ म्हणत किल्लीकडे हात नेणारा एखादा भाऊजी किंवा मामा तुमच्याकडेही असेल. ब्रिटिश नौदलाचा टेस्ट पायलट एरिक ब्राउन हा या जमातीचा मेरुमणी. चणीनं लहान म्हणून सगळे त्याला ‘विंकल’ म्हणत. जर्मन अस्खलित, आणि शत्रूचं का असेना, विमान दिसलं की हा कॉकपिटमध्ये.

१९४५ मध्ये जर्मनी हरला आणि या गृहस्थाची दिवाळी झाली. फार्नबरोच्या संशोधन केंद्रातर्फे जप्त विमानं तपासणं हे त्याचं रीतसर काम. पण हुजुमच्या तळावर ‘मेसरश्मिट १६३ कोमेट’ दिसलं आणि रीत वगैरे बाजूला राहिली. हे रॉकेटवर उडणारं विमान. त्यातली दोन इंधनं एकमेकांना भेटताच पेट घेत. त्यांतलं एक म्हणजे जवळजवळ ऐंशी टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, अंगावर सांडलं तर मांस जाळणारं. इंजिन चालवून उडायची परवानगी नव्हतीच. यानं आधी दुसऱ्या विमानामागे दोरीनं ओढवून घेत, इंजिनाविना उतरायचा सराव केला. असली माणसं वेडी असतात, पण बेसावध नसतात, हे कबूल करायला हवं.

मग जर्मन मेकॅनिकांना गाठलं. ते बिचारे हादरले. युद्ध हरलो ते हरलो, आता हा आमच्या हातून मेला तर? त्यांनी मागितला कागद: जे होईल त्याला आम्ही जबाबदार नाही. यानं आनंदानं सही ठोकली!

१० जून १९४५. विमान सुटलं, चाकं ठरल्याप्रमाणे खाली टाकली आणि तीन मिनिटांच्या आत स्वारी तीस हजार फुटांवर. इंधन जेमतेम काही मिनिटांचं. ते संपलं की तरंगत यायचं आणि पोटाखालच्या घसरपट्टीवर उतरायचं. पहिल्याच खेपेला, कारण दुसरी नाहीच. उतरला.

अमेरिकनांनीही १९४६ मध्ये आपल्या म्युरॉकच्या तळावर कोमेट आणलं; पण लाकडी पंखांचे थर सुटू लागलेले पाहून ते नुसतं तरंगवण्यावर भागवलं. याला शहाणपण म्हणतात. आमच्या विंकलचं मात्र पोट भरेना. इंग्लंडात स्पिटफायर विमानामागे बांधून तो कोमेट वर नेई आणि वेगात उतरवून बघे. अखेर नोव्हेंबर १९४७ मध्ये विटरिंगच्या तळावर घसरपट्टीनंच दगा दिला, तेव्हा कुठे थांबला.

म्हणजे कोमेटपुरता थांबला. एकूण ४८७ प्रकारची विमानं चालवली, अकरा अपघातांतून वाचला आणि २०१६ मध्ये, ९७ व्या वर्षी, थोड्याशा आजारपणानं गेला.