खोका आपला, भाडे त्यांचे

महाराष्ट्रात खोक्याचा भाव विचारणे २०२२ पासून जरा जोखमीचे झाले आहे. तेव्हा आधीच सांगितलेले बरे, की कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने वहीत मांडलेला हिशेब टीव्हीखालच्या खोक्याचा आहे. कार्यक्रम रेकॉर्ड करणारा डीटीएच बॉक्स विकत परवडतो की भाड्याने, एवढाच त्याचा प्रश्न.

या गावाला भाड्याचे वावडे कधीच नव्हते. ऐंशीच्या दशकात गणपतीत नाहीतर सत्यनारायणाला रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीपुरते यायचे, सोबत तीन कॅसेट. वर्गणी अख्ख्या गल्लीची, जागा संध्याकाळपासून सतरंजी टाकून धरलेली, आणि तिसरा पिक्चर संपेतो उजाडलेले. माणशी खर्च काढला तर त्या दराला पुढचे एकही यंत्र टेकलेले नाही.

२००८ मध्ये टाटा स्कायने ‘प्लस’ आणला. जाहिरातीत आमीर खान आणि गुल पनाग. चालू कार्यक्रम थांबवा, मागे न्या, साठवून ठेवा! ट्रायच्या नियमांत खोका विकत, हप्त्याने आणि भाड्याने असा तिन्ही प्रकारे देण्याची सोय होती, पण दुकानात भाड्याचे नाव काढल्यावर उत्तर आले, “काका, भाड्यानं कुठं काय मिळतंय? घ्या की एकदाच.” काकांनी घेतला. खोका नऊ हजारांचा धरला आणि पाच वर्षे टिकला, तर महिना दीडशे पडतो. वहीत लाल शाईने शेरा पडला, ‘खरेदी फायद्याची.’

रिचार्जचा रकाना मात्र वहीत नव्हताच. खोका काकांचा, पण त्यातले कार्ड कंपनीचे; पैसे संपले की मालक आणि भाडेकरू दोघेही सारख्याच काळ्या पडद्यासमोर. कंपनी बदलावी तर नव्या कंपनीकडे जुना खोका चालत नाही. कोणताही बॉक्स कोणत्याही कंपनीकडे चालावा, अशी शिफारस ट्रायने केली ती एप्रिल २०२० मध्ये. तोवर काकांच्या खोक्यावर क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी आली होती. त्याआधी, १ फेब्रुवारी २०१९ पासून, नवे दर आले. पहिल्या शंभर वाहिन्यांचे नेटवर्क शुल्क कमाल १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १५३ रुपये ४० पैसे. पैसे मोजून घ्यायच्या वाहिन्या वेगळ्या. म्हणजे खोक्याच्या मासिक किमतीहून नुसता उंबरठा ओलांडण्याचे भाडे तीन रुपये चाळीस पैशांनी जास्त.

बरे, साठवले काय? ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका साठवावी, तर तिचा वाडा वसगड्याला, दुचाकीवरून जाऊन पाहता येणारा.

फुटबॉलने तर पुरतीच फजिती केली. विश्वचषक आला की पेठांमध्ये ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. काका ब्राझीलचे. ९ जुलै २०१४ च्या रात्री दीडला जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना होता. रेकॉर्डिंग लावून ते निवांत झोपले. सकाळी दूध आणायला बाहेर पडले, तर समोरचा अर्जेंटिनावाला हाताची सात बोटे दाखवत उभा! ७-१ चा तो सामना काकांनी खोक्यातून पुसला, तोही न बघता.

अंतिम सामन्याला मात्र ते गल्लीत, भाड्याने आणलेल्या पडद्यासमोर बसले. रात्री साडेबारा वाजता, वर्गणी भरून, अर्जेंटिनाविरुद्ध जर्मनीच्या बाजूने.